अंगठा वाकवला की शेजारचं बोटही वाकतं: तुमच्याकडे कुणाचं आहे का?

विश्रामबागकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात टाकू की संगीत विभागात, कळेना, म्हणून इथेच टाकते.

लेक सतार शिकते. सांगलीहून मिरजेला जाते शिकायला. सतारीत उजव्या हाताचा अंगठा भोपळ्याच्या कडेवर टेकवून ठेवायचा आणि नखी (तार छेडायची, बोटात घालायची तारेची टोपी) घातलेली तर्जनी मोकळी चालवायची, हे जाणकारांना माहीत असेलच. तिच्या सरांची तक्रार अशी की 'दा' (बोट आत घेऊन वाजवायचा बोल) बरा येतो, पण 'रा' (बोट बाहेर नेऊन वाजवायचा) उघडा लागत नाही, बोट आतच ओढलं जातं. रियाज कमी, हा त्यांचा निष्कर्ष. पोरगी हिरमुसली.

काल तिला सहज म्हटलं, नुसतं अंगठ्याचं टोक वाकवून दाखव. अंगठ्याबरोबर तर्जनीचं शेवटचं पेरही टुककन वाकलं. तर्जनी सरळ ठेव म्हटलं तर जमेचना. डाव्या हाताचं मात्र दोन्ही सुटं सुटं. मग मी माझा हात बघितला, तर माझं डावीकडे तसंच!

हा आजार आहे का? सरावाने जातं का? एका ओळखीच्यांनी लगेच एमआरआय करून घ्या म्हणून सांगितलंय. दुखत वगैरे काही नाही.

नस्तेउद्योग

करून बघितलं. वाकतंय. आता चहाचा कप धरला तरी त्या बोटाकडेच बघत बसलोय. आभारी आहे हं ताई.

कृष्णाकाठी

आमच्या शाखेत दुपारी सगळ्यांचे अंगठे वाकवून बघितले. दोघा-तिघांचं वाकतंय. त्यातले एक आमचे कॅशियर. नोटा मोजण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या शाखेत कोणी नाही. म्हणजे अडत काही नसावं. साहेब आले तेव्हा सगळे हात पुढे करून उभे होतो, त्यांना वाटलं शपथविधी चाललाय.

सातारी_गडी

एवढं काय घाबरायचं त्यात? हात आखडलाय, दुसरं काही नाही. आमच्या तालमीत वस्ताद कोमट तेल लावून कोपरापासून मनगटापर्यंत रगडायचे, चार दिवसांत बोटं सुटी. आजकालच्या पोरांना मेहनत नको, मोबाईल पाहिजे. रोज मुठी मारायला लावा, जोर काढायला लावा. आपोआप जातंय.

चिंचेचंबन

मुलगी सतार शिकतेय हो, हिंदकेसरीला नाही चाललेली.

अस्थिपंजर

गडीभाऊ, मालिश जरूर करा, बरंच वाटतं. पण हे त्याने जाणार नाही, कारण आखडलेलं काहीच नाही. जरा सविस्तर लिहितो. (मी हाडांचा डॉक्टर, शिक्षण मिरजेलाच.)

अंगठ्याचं शेवटचं पेर वाकवणारा स्नायू अंगठ्यात नसतो, तो हातात वर असतो. त्याचं नाव फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस. अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर, म्हणजे रेडियसवर, पुढच्या अंगाने तो चिकटलेला असतो. त्याची लांब कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, मनगटातल्या बोगद्यातून जाऊन अंगठ्याच्या शेवटच्या पेराच्या बुडाशी लागते. मनगटाच्या चार बोटं वर, अंगठ्याच्या बाजूला दुसऱ्या हाताचं बोट दाबून ठेवा आणि अंगठ्याचं फक्त टोक हलवा. आत जे सरकतंय ते हेच.

त्याच्या लगेच शेजारी बाकीच्या चार बोटांची टोकं वाकवणारा खोल स्नायू आहे. पुस्तकातल्या चित्रात दोघं अगदी वेगळे दाखवतात. प्रत्यक्षात बऱ्याच जणांत अंगठ्याच्या कंडरेतून एक फाटा निघून तर्जनीच्या कंडरेला जाऊन मिळतो. मनगटाच्या जरा वर, किंवा मनगटातच. अंगठा ओढला की तर्जनीही ओढली जाते. लिनबर्ग आणि कॉमस्टॉक या दोघांनी १९७९ साली यावर लिहिलं, म्हणून त्याला त्यांचं नाव पडलं. त्यांच्या पाहणीत सुमारे ३१ टक्के लोकांच्या निदान एका हातात हे सापडलं आणि १४ टक्क्यांच्या दोन्ही हातांत. तेव्हा कॅशियरसाहेबांना काळजीचं कारण नाही.

तपासायची रीत: तळहात वर, चारही बोटं सरळ. अंगठ्याचं टोक करंगळीच्या बुडाकडे नेऊन पूर्ण वाकवा. तर्जनीचं शेवटचं पेर आपोआप वाकलं तर जोड आहे समजा. आता दुसऱ्या हाताने तर्जनी सरळ धरून ठेवा आणि पुन्हा अंगठा वाकवा. मनगटाच्या वरच्या बाजूला ओढ लागेल. नुसती ओढ असेल तर सोडून द्या. तिथे कळ येत असेल, आणि रोजच्या कामातही येत असेल, तरच डॉक्टरकडे जा.

थोडक्यात ताई, आजार नाही, आणि आत्ता एमआरआयवर पैसे घालवू नका. सरावाने फाटा नाहीसा होत नाही, पण सराव कसा करावा हे मात्र बदलता येतं. ते सतारवाल्यांनी सांगावं, माझा सुरांशी संबंध नाही.

शंकेखोर

डॉक्टरसाहेब, तिघांत एकाला असेल तर त्याला विकृती का म्हणतात? उद्या कुरळ्या केसांनाही म्हणाल.

अस्थिपंजर

मी म्हटलेलं नाही! पण तुमचा मुद्दा बरोबर आहे. जुन्या पुस्तकांत तसा शब्द पडलाय. शवविच्छेदनाच्या टेबलावर मात्र पहिल्या महिन्यातच कळतं की पुस्तकातला हात कुणाचाच नसतो. आमच्या टेबलावरच्या हातात याच स्नायूला कोपराकडून आलेलं एक जादा डोकं होतं. बारीक, चपटं, करंगळीएवढं रुंद. आम्ही पोरं खूश, काहीतरी नवीन शोधलं म्हणून. सर आले, एक नजर टाकली आणि म्हणाले, गान्ट्झरचा स्नायू, पुढच्या टेबलावरही आहे. गान्ट्झरने १८१३ मध्येच लिहून ठेवलाय. साधारण निम्म्या हातांत सापडतो.

हळदपिवळी

थांबा थांबा. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरा वाकवलं की मधोमध दोरीसारखी शीर वर येते, ती का हीच? माझ्याकडे आहे, ह्यांच्याकडे नाहीच. लग्नाला एवढी वर्षं झाली, आत्ता कळतंय काय नाही ते.

अस्थिपंजर

ती वेगळी. ती पामारिस लाँगस नावाच्या स्नायूची कंडरा. काहींना तो एका हातात नसतो, काहींना दोन्हीत नसतो, आणि नसला तरी पकडीत फरक जाणवत नाही. शल्यचिकित्सक लोक तुटलेली कंडरा जोडायला त्याचीच कंडरा काढून वापरतात, इतका तो असून नसल्यासारखा. यजमानांना सांगा, तुम्ही पूर्ण आहात.

हळदपिवळी

सांगितलं. ते म्हणाले, बाकी काय काय नाही ते पण फोरमवर विचार.

तंबोरेवाला

मिरजेचाच आहे, पंधरा-वीस वर्षं सतार हातात आहे. ताई, तुमच्या लेकीचं दुखणं मला नेमकं माहीत आहे, कारण माझ्याही उजव्या हाताला हा फाटा आहे. नाव आज कळलं, एवढंच.

सतारीत 'दा' आत घ्यायचा, तळहाताकडे. 'रा' बाहेर फेकायचा. अंगठ्याचं टोक तुम्ही कडेवर आवळून दाबलंत की तर्जनी आतल्या बाजूला ताणली जाते. मग 'दा' फुकटात दणदणीत येतो आणि 'रा'ला बोट बाहेर जायला बघतं तेव्हा मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं होतं. द्रुत गतीत तर 'दिर दिर' (भराभर दा-रा) सगळा लंगडा ऐकू येतो. विलंबितात कळतही नाही.

उपाय एकच. अंगठ्याचं शेवटचं पेर वाकवायचंच नाही. अंगठा सरळ ठेवून त्याच्या बुडाने, म्हणजे तळहाताकडच्या गादीने दाबायचं. टोक नुसतं टेकलेलं. आरशासमोर बसवा तिला. अंगठ्याचं नख पांढरं पडलं की समजायचं टोक आवळतंय. आधी नखी न घालता, नुसता हात ठेवून तर्जनी हलवायची. मग एकच बाजाची (मुख्य) तार, सावकाश, दा रा दा रा. वेग नंतर.

माझे गुरुजी जुन्या वळणाचे, त्यांना कंडरा वगैरे काही माहीत नव्हतं. पण "अंगठ्यानं सतार धर, गळा धरू नकोस" हे ते रोज ओरडायचे.

अस्थिपंजर

वा. हे शास्त्राला धरूनच आहे. अंगठा बुडाशी दाबणारे स्नायू तळहातातच असतात, त्यांचा तर्जनीशी काही संबंध नाही. टोक वाकवणारा तेवढा वरून येतो आणि भानगड त्याच्याच कंडरेत आहे. ते पेर सरळ राहिलं तर तर्जनीला ओढ पोचतच नाही. तंबोरेवाले, तुमच्या गुरुजींना दंडवत.

सातारी_गडी

म्हणजे शेवटी सरावच की. मी काय वेगळं सांगत होतो?

चिंचेचंबन

तुम्ही जोर काढायला सांगत होता.

तासगावकरीण

मला जरा वेगळं विचारायचंय, पण अंगठ्याचंच आहे म्हणून इथंच विचारते. धागा वळवल्याबद्दल राग मानू नका.

आमची द्राक्षबाग आहे. फळछाटणीनंतर घड धरले की मण्यांची विरळणी असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घडातले जादा मणी बारीक कात्रीने एकेक काढायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. बायका सकाळपासून मांडवाखाली मान वर करून हेच करतात. कात्रीला स्प्रिंग असते, दाबायची आणि सोडायची, दाबायची आणि सोडायची, दिवसभर. हात कायम डोक्याच्या वर. डिपिंगच्या वेळी, म्हणजे घड औषधात बुडवताना, परत मग हातात घड घ्यायचे.

गेल्या हंगामात मला आणि आमच्या टोळीतल्या एका मावशींना मनगटाच्या बाजूला, अंगठ्याच्या बुडाच्या वर, जिथं हाड टोचतं तिथं कळ यायला लागली. कात्री सोडा, कळशी उचलवेना, भाकरीचं पीठ मळवेना. मला पट्टा बांधून आणि एका इंजेक्शनने उतार पडला. मावशींना तेच इंजेक्शन, त्याच ठिकाणी, दोनदा दिलं, ढिम्म फरक नाही. ज्यांनी दिलं ते म्हणाले, मावशी विश्रांती घेत नाहीत. घेतली होती हो! सून पाणी भरत होती त्यांचं. मग एकाने हाडवैद्याकडे नेलं, त्यानं मनगट मुरगाळलं, आणखी सुजलं. असं का व्हावं? हात तर दोघींचे सारखेच.

अस्थिपंजर

हे अजिबात विषयांतर नाही, मूळ विषयच आहे. हात सारखे नसतात, हेच तर चाललंय.

तुम्ही सांगता ते डी क्वेर्व्हेनचं दुखणं वाटतंय. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस सर्जननी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगठा बाहेर नेणाऱ्या आणि उचलणाऱ्या दोन स्नायूंच्या कंडरा मनगटाच्या त्या टोचणाऱ्या हाडावरून एका अरुंद खोबणीतून जातात. वरून घट्ट पट्टी असते. दिवसभर घासून ती पट्टी जाड होते आणि आत कंडरा अडकायला लागतात. कात्री, पिळे, लहान बाळाला बगलेत हात घालून उचलणं, सगळ्याने होतं. बाळंतिणींमध्ये पुष्कळ बघतो आम्ही.

आता मावशींचं. बाहेर नेणारा जो स्नायू आहे त्याची कंडरा एकच असते असं शिकवतात. खरं तर बहुतेकांना तिचे दोन किंवा जास्त पदर असतात. आणि बऱ्याच लोकांत त्या खोबणीत मधे एक पडदा असतो, म्हणजे एका खोबणीच्या दोन खोल्या. बारीक कंडरा, अंगठा उचलणारी, वेगळ्या खोलीत. इंजेक्शन एका खोलीत पडलं आणि दुखणं दुसऱ्या खोलीत असलं तर दहा वेळा द्या, फरक पडणार नाही. ऑपरेशन करतानाही पडदा बघून दुसरी खोली उघडावी लागते, नाहीतर दुखणं तिथंच राहतं. त्यामुळे विश्रांती घेत नाही म्हणून मावशींना बोल लावणं मला पटत नाही. सोनोग्राफीत हा पडदा बऱ्याचदा दिसतो. हाताचं काम करणाऱ्या सर्जनकडे एकदा दाखवून घ्या.

घरी तपासायचं तर अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीकडे हलकेच झुकवा. चमक निघाली तर शंका घ्या. पण थोडं प्रत्येकालाच ओढतं, म्हणून दुसऱ्या हाताशी ताडून बघायचं. आणि कृपा करून जोरात करू नका, उद्या सकाळी सगळे मनगट धरून याल.

नस्तेउद्योग

जोरात केलं. धन्यवाद हं.

कोरेगावकर

धारा काढणाऱ्यांचंही असंच होतंय. आमच्याकडं काही जण अंगठा मुडपून, त्याचं हाड आचळावर दाबून धार काढतात. लवकर निघतं म्हणतात. जनावरांचे डॉक्टर कायम सांगतात की मुठीनं काढा, अंगठ्यानं आचळ दुखावतं. म्हशीचं ऐकून घेतात, स्वतःच्या मनगटाचं कोण ऐकतोय? आमच्या चुलत्यांचं मनगट त्याच जागी सुजलं होतं. यंत्र आणल्यावर थांबलं.

तासगावकरीण

डॉक्टरसाहेब, फार उपकार. मावशींना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "बघ, मी म्हनत हुते, माजा हात येगळा हाय." पुढच्या आठवड्यात मिरजेला जातोय. कात्रीची दुसरी सोय काही आहे का? काम तर थांबत नाही, घड थांबत नाहीत.

अस्थिपंजर

स्प्रिंग नरम असलेली कात्री घ्या. कडक स्प्रिंग उघडताना अंगठ्याला झटका बसतो. हात आलटून-पालटून चालत असेल तर उत्तम. शक्य तिथं घड खांद्याच्या खालच्या उंचीवर यावेत म्हणून स्टूल घ्या, मनगट वाकडं करून काम कमी होईल. दुखायला लागलं की त्याच दिवशी हात थांबवायचा, हंगाम संपेपर्यंत ओढायचं नाही. मजुरी बुडते हे मला कळतं, पण पुढं जास्त बुडते.

शंकेखोर

तो गान्ट्झरचा जादा स्नायू. त्याचा उपद्रव काय? निम्म्या लोकांना आहे म्हणता.

अस्थिपंजर

बहुतेकांना काहीच नाही. कधीतरी तो आतल्या एका नसेवर दाब देतो. अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक वाकवणं त्या नसेकडे असतं. ती बिघडली तर 'छान' म्हणताना करतो तसा अंगठा-तर्जनीचा गोल होत नाही, बोटं चपटी पडून चिमटीसारखी मिटतात. गंमत म्हणजे बधिरपणा अजिबात येत नाही, कारण कातडीची संवेदना त्या नसेकडे नाही. त्यामुळे लोकांना वाटतं कंडरा तुटली. किलोह आणि नेव्हिन या डॉक्टरांनी १९५२ साली यावर लिहिलं.

सातारी_गडी

१९५२! त्याच वर्षी आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या पकडीतून सुटणं अवघड होतं असं जुनी माणसं सांगतात. तिकडे साहेब लोक अंगठ्याचा गोल होतो का बघत होते, इकडे आमचा गडी पदक घेऊन कराडला बैलगाड्यांच्या मिरवणुकीत आला.

चिंचेचंबन

कुठल्याही धाग्यावर साताऱ्याचा माणूस किती प्रतिसादांत खाशाबांपर्यंत पोचतो याची नोंद ठेवायला हवी. (आदर आहेच.)

कृष्णाकाठी

आणि एकलव्य अजून आला नाही याचं आश्चर्य वाटतंय.

नस्तेउद्योग

आणलात ना आता.

शंकेखोर

आलाच आहे तर विचारतो. माकडांना हा अंगठ्याचा वेगळा स्नायू असतो का?

अस्थिपंजर

चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात अंगठ्याच्या टोकाकडे जाणारी कंडरा फार बारीक असते, किंवा नसतेच. असली तर बऱ्याचदा बोटं वाकवणाऱ्या स्नायूतूनच निघते. माणसात तो चांगला दणकट आणि सुटा झाला. सुई धरणं, विळी-कात्री, नखी, सगळं त्याच्यावर. मग विश्रामबागकरताईंच्या लेकीच्या हातातला फाटा हा जुन्या जोडणीचा उरलेला अंश का, असा प्रश्न येतोच. विचार करायला मजा येते, पण त्यावरून तिला माकड म्हणायचं नाही.

विश्रामबागकर (धागाकर्ती)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही लेकीनेही वाचले. शेवटचा दाखवायला नको होता, आता आरशासमोर माकडचेष्टा चालल्यात.

तंबोरेवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे अंगठा सरळ ठेवून बसवलं. नख पांढरं पडण्याची खूण फारच कामाची. 'रा' अजून दबकाच आहे, पण आता निदान तो का दबतोय ते तिला दिसतंय. सरांना डॉक्टरांचा प्रतिसाद दाखवला. सर आधी म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण रियाज?" मग हळूच स्वतःचा अंगठा वाकवून बघितला. त्यांचं वाकत नाही. म्हणाले, बरं, महिनाभर द्रुत गतीचे बोल थांबवू, नुसती बैठक बघू. एमआरआय रद्द.

तंबोरेवाले, एक विचारायचं राहिलं. तिची नखी सैल आहे, ती धरून ठेवायला म्हणूनही ती अंगठा आवळत असेल का?

तंबोरेवाला

शंभर टक्के. नखी पेराच्या पुढच्या बाजूला घट्ट बसली पाहिजे, रक्त अडेल इतकी नाही, पण हात झटकला तर हलता कामा नये. लहान मुलांना मोठ्यांची नखी देतात आणि पोरं ती सांभाळण्यातच दमतात. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात लेकीलाच घेऊन जा, तिच्या बोटावर पक्कडीने वळवून देतील. फोनवर माप सांगून मागवू नका.

सातारी_गडी

ताई, तेल लावून मालिश पण चालू ठेवा. नुकसान नाही.

अस्थिपंजर

यावर एकमत.

हळदपिवळी

शेवटची शंका. पायाचा अंगठा वाकवला की माझी शेजारची बोटंही वाकतात, दोन्ही पायांची. ह्यांचीही. याला कुणाचं नाव आहे?

अस्थिपंजर

पायात तर तळव्याखाली अंगठ्याची आणि बोटांची कंडरा एकमेकींना ओलांडतात, तिथे फाट्याची जोडणी बहुतेक सगळ्यांनाच असते. तिथे नसली तर चर्चा. वेगळा धागा काढा, इथे अजून सतार चालू आहे.

हळदपिवळी

काढला. तिकडे या सगळे, मोजे काढून.